आंदणात मिळालेला जुगराफिया

“न्हाय म्हंजे न्हाय! मिडल पास झाल्याबिगर माझी लेक ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार न्हाय!”

मामा आमच्या ओसरीवर उभे राहून ओरडत होते. मामांचं ओरडणं म्हणजे तुमचं-आमचं ओरडणं नव्हे. कळंबच्या बाजारात त्यांनी आवाज चढवला की येरमाळ्याचे व्यापारी भाव उतरवायचे. त्या दिवशी तर आमच्या आढ्यावरच्या चिमण्या जीव घेऊन उडाल्या त्या थेट उमरग्याला जाऊन बसल्या, आणि सुगीला परत आल्या तेव्हा चक्क कानडीत चिवचिवत होत्या. ऐकलेलं सांगत नाही, कानांनी ऐकलंय.

“आण्णा, हळू बोला की. बैल बुजतेत,” आमची चुलती म्हणाली. मामा तिचे सख्खे थोरले भाऊ.

“बुजू दे बैल! तुझा ल्योक दुसऱ्यांदा नापास झाला, तवा तू बुजलीस का?”

“म्या कशाला बुजू? म्या कुठं परीक्षेला बसलती?”

ज्याच्यावरून हे चाललं होतं तो चुलतीचा लेक, म्हणजे माझा चुलतभाऊ, आमचा दादा, खांबाला टेकून खाली बघत होता. विशीचा गडी. पिळदार मिशा. ज्वारीचं पोतं पाठीवर टाकून तो माडीचा जिना असा चढायचा की पोत्याला कळायचंसुद्धा नाही. आणि हा गडी सातवीत, म्हणजे मिडलच्या वर्गात होता! वर्गात तो पुढं बसला की मागच्या चार पोरांना फळा दिसत नसे. ती चारही पोरं नापास झाली तेव्हा त्यांच्या बापांनी शाळेला नव्हे, दादाला जाब विचारला.

दादा शाळेत का जात होता? इल्मासाठी नव्हे. बायकोसाठी.

त्याचं लग्न मामाच्याच पोरीशी झालेलं. लग्न झालं तेव्हा नवरा-नवरी दोघं इतकी लहान होती की अक्षता पडताना दादा मामांच्या खांद्यावर झोपला होता, आणि नवरीला ऊस सोलून दिला म्हणून ती गप्प बसली होती. मग रिवाजाप्रमाणं पोरगी बापाकडं राहिली. आता ती मोठी झाली, तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी लेकुरवाळ्या झाल्या, तरी मामा तिला नांदायला धाडेनात. कारण मामा स्वतः मिडल पास. तहसिलीत कारकुनी करून घरी बसलेले. पाच गावांत तेवढे एकच मिडल पास, आणि दर बाजारी ते त्या पाचही गावांना ह्याची आठवण करून देत. “अडाण्याच्या घरी माझी लेक जाणार न्हाय,” असं म्हणायचे. “आता दिलीय खरी, पर धाडणार न्हाय.”

दादा बाकी सगळ्यात पास व्हायचा. हिशेबात तर मास्तरांच्या चुका काढायचा. गाडी अडायची ती जुगराफियात. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, वरचं शिक्षण उर्दूतनं, आणि उर्दूत भूगोलाला म्हणायचं जुगराफिया. एवढं मोठं नाव असल्यावर विषय सोपा असणार कसा?

पण दोष विषयाचा नव्हता. दोष आंदणाचा होता.

लग्नात मामांनी जावयाला आंदण दिलं. एक तांब्याचा हंडा, एक दुभती गाय, आणि लाल अलवाणात गुंडाळलेलं एक पुस्तक. हंड्याला भोक पडलं. गाय म्हातारी होऊन गेली. पुस्तक मात्र जिवंत राहिलं. त्याच पुस्तकावर मामा मिडल पास झाले होते. “हे घोकायचं,” मामांनी भर मांडवात सांगितलं होतं, “आन पास व्हायचं. दुसऱ्या कशाला हात लावायचा न्हाय.” मांडवातल्या दोनशे माणसांनी माना डोलवल्या. त्यात उर्दू येणारं एकही नव्हतं.

आता जुन्या पुस्तकावर शिकण्यात आमच्याकडं कुणाला कमीपणा वाटायचा नाही. पुस्तक थोरल्याकडनं धाकट्याकडं, धाकट्याकडनं चुलतभावाकडं, तिथनं आत्याच्या गावाला, आणि सगळ्यात शेवटी वाण्याच्या दुकानात पुडीला. मी स्वतः निम्मा इतिहास हिंगाच्या पुड्यांवर शिकलोय. म्हणून अजून लढायांची नावं घेतली की मला शिंका येतात. पण ही पुस्तकं जुनी म्हणजे किती, चार-पाच वर्षांची. आवृत्ती बदलली तरी नद्या त्याच, डोंगर तेच. मास्तर वर्गात सांगायचे, “नव्यावाल्यांनी पान चाळीस काढा, जुन्यावाल्यांनी पस्तीस, आणि ज्यांचं पान फाटलंय त्यांनी शेजाऱ्याचं बघा.” चालायचं.

मामांचं पुस्तक त्या जातीचं नव्हतं. ते पुस्तक छापलं तेव्हाचं जग वेगळं होतं. त्यात जर्मनीवर कैसर राज्य करीत होता. तुर्कस्तानात सुलतान गादीवर होता, आणि त्याचा मुलूख एवढा पसरलेला की नकाशाच्या पानात मावेना म्हणून शेजारच्या पानावर गेलेला. रेल्वे बार्शीला येऊन थांबलेली. आणि आपल्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद नव्हतंच. जिल्हा नळदुर्ग, मोठं ठाणं धाराशिव. (आता पाट्या पुन्हा बदलल्यात. मामा आज असते तर ते पुस्तक छातीशी धरून कलेक्टरच्या कचेरीत पहिली खुर्ची मागायला गेले असते.)

पहिल्या वर्षी दादानं सासऱ्याचा शब्द मानला. अख्खं पुस्तक तोंडपाठ केलं. नांगर धरताना म्हणायचा, मोट हाकताना म्हणायचा. आमच्या बैलांना ‘सुलतान’ म्हटलं की डावीकडं आणि ‘कैसर’ म्हटलं की उजवीकडं वळायची सवय लागली. परीक्षेत त्यानं एक अक्षर न चुकता सगळं लिहिलं आणि सणकून नापास झाला.

शाळेत जुगराफिया शिकवायला हैदराबादकडचे एक मौलवीसाहेब होते. स्वभावानं साखर. मारायच्या आधी ते पोराला “माफ करना” म्हणायचे. त्यांनी दादाला बोलावलं, पुस्तक आणायला सांगितलं, अलवाण सोडलं, चार पानं उलटली आणि डोक्याला हात लावला.

“मियाँ, बाहर दूसरी लढाई चल रही है, और तुम्हारी किताब में पहिली भी शुरू नै हुई!”

“मामांनी दिलंय, साहेब.”

“मामांना म्हणावं, ये किताब अजायबघर को दो. तुम नवी घ्या.”

मौलवीसाहेबांचं मराठी हे असं, निम्म्या रस्त्यात घोडं बदलायचं.

दादा मनानं सरळ. त्यानं हा निरोप जसाच्या तसा मामांना दिला. मामा जेवत होते. घास खाली ठेवला.

“माझं पुस्तक जुनं झालं?”

“मौलवीसाहेब म्हणत्यात.”

“सूर्य किती जुना हाय मग? त्योबी नवा घ्या! बाप जुना झाला असंल, त्योबी बाजारातनं नवा आना! आंदणात दिलेली वस्तू नाकारतोस? उद्या लेकबी नाकारशील!”

आणि हात धुऊन उठले. चुलती घाबरली. आंदण परत करणं म्हणजे सोयरीक मोडणं, एवढं तिला कुठल्या पुस्तकात बघावं लागत नव्हतं. दादाला तिनं त्याच दिवशी बजावलं, नवं पुस्तक घरात दिसता कामा नये.

तर असा पेच झाला. बायको आणायची तर मिडल पास व्हायला पाहिजे. मिडल पास व्हायचं तर नवं पुस्तक पाहिजे. आणि नवं पुस्तक घ्यावं तर बायको जाते. आमच्या गावच्या महादेवाच्या पुजाऱ्यानं हा पेच ऐकला आणि म्हणाला, “ह्याच्यापुढं आमचा वेदान्त काय घेऊन बसलात!”

मी दादाच्याच वर्गात होतो. वयानं त्याच्या निम्मा, अकलेनं किती ते सांगत नाही. माझ्याजवळ चालू आवृत्ती होती, पुठ्ठा गेलेली. दुसऱ्या वर्षी दादा कडब्याच्या गंजीमागं बसून माझ्या पुस्तकावरनं नवं जग शिकला. पण जुनं विसरून चालणार नव्हतं, कारण मामा दर बाजारच्या दिवशी आमच्याकडं जेवायला यायचे आणि जेवणाआधी जावयाची परीक्षा घ्यायचे. म्हणजे सोमवारी जर्मनीत कैसर, मंगळवारी कैसर पळालेला. सोमवारी रेल्वे बार्शीपर्यंत, मंगळवारी लातूरपर्यंत. एका डोक्यात दोन दुनिया. दादाचं डोकं मोठं होतं, पण त्यात मधी भिंत नव्हती.

व्हायचं तेच झालं. एका सोमवारी मामांनी विचारलं, “जर्मनीत कोण?” दादा म्हणाला, “कैसर होता, त्यो पळाला.” मामांनी पुरणपोळीच्या ताटाकडं पाहिलंसुद्धा नाही, गाडी जुंपली आणि उपाशी गेले. आणि वार्षिक परीक्षेत मात्र दादानं कैसराला परत गादीवर बसवलं. नापास. त्यावरून ते सुरुवातीचं ओरडणं.

दुसऱ्या वर्षी दादाबरोबर मीही आपटलो होतो; तिसऱ्या वर्षी मी लक्ष घातलं.

मला एक गोष्ट दिसली. शाळेत उघड्या डोक्यानं बसायची सोय नव्हती. दादाची एक लाल रुमी टोपी होती, काळ्या गोंड्याची. ती तो फक्त शाळेत घालायचा. घरी, शेतात, सासऱ्यापुढं मात्र पटका. आणि टोपी डोक्यावर असली की दादा नव्या पुस्तकातलं बरोबर सांगायचा, पटका असला की जुन्यातलं. गल्लत व्हायची ती फक्त उघड्या डोक्यानं बोलला की. कैसर पळाला त्या सोमवारी दादा टोपीतच जेवायला बसला होता, आणि परीक्षेला पटका बांधून गेला होता.

मी त्याला गंजीमागं नेलं. टोपी घातली. “तुर्कस्तान?” “सुलतान गेला. आता जम्हूरियत, लोकांचं राज.” टोपी काढली, पटका ठेवला. “तुर्कस्तान?” “सुलतान!” पुन्हा टोपी. “आपला जिल्हा?” “उस्मानाबाद.” पटका. “नळदुर्ग!” मी इतक्या झपाट्यानं अदलाबदल केली की कैसर दिवसातनं तीसदा पळाला आणि तीसदा परत आला. बिचाऱ्याला खऱ्या आयुष्यात इतकी संधी मिळाली नसेल.

“हे जमलं रं,” दादा म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या मिशा वर गेल्या. मग एकदम खाली बघत म्हणाला, “ह्या साली आली पायजे ती. लई झालं.”

त्यानं वहिनीला लग्नानंतर कितीदा पाहिलं होतं, मला माहीत नाही. जत्रेत एकदा पाण्याच्या रांगेत पाहिलं होतं एवढं तो बोलला होता. तिनंही पाहिलं होतं म्हणे. घागर भरून वाहायला लागली तरी तिला कळलं नव्हतं. हे सांगताना दादानं स्वतःच्या हातातला तांब्या उपडा केला होता.

त्या वर्षी सगळं सुरळीत चाललं. सोमवारी पटका बांधून दादा ओसरीवर बसायचा, मामा लोडाला टेकून विचारायचे.

“रेल्वे?”

“बार्शीपत्तोर.”

“सुलतानाचा मुलूख?”

“एका पानात मावत न्हाय, मामा.”

“बघा!” मामा चुलतीकडं वळायचे. “तुझा ल्योक शाना झाला की गं.” खूश असले की दादा ‘जावईबापू’ व्हायचा, नसले की नुसता ‘भाच्या’. त्या वर्षी तो बाराही महिने जावईबापू होता. आणि मंगळवारी टोपीतला दादा मौलवीसाहेबांना खूश करायचा. “माशाल्ला! मियाँ, ह्या वर्षी पास हो तुम, पत्थर पे लकीर!”

परीक्षा जिल्ह्याच्या गावी होती. जुगराफियाला लेखीबरोबर तोंडीही होती आणि दोन्हीत पास व्हावं लागे. आम्ही मोटारीनं जाणार होतो. निघायच्या दिवशी दारात मामांची गाडी उभी. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं.

“जावई परीक्षेला निघालाय,” मामा म्हणाले. “मोटारीत कोंबून न्यायला त्यो काय भाजीपाला हाय?”

येरमाळ्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही येडशीला आलो. तिथं रुळांपाशी मामांनी बैल रोखले, कारण समोरनं लहान रुळांवरची लातूरची गाडी शिट्टी मारीत निघाली होती. ती गाडी इतकी सावकाश जायची की उतारू खाली उतरून बोरं वेचून पुन्हा चढायचे. तरी ती रेल्वे होती, आणि बार्शी मागं राहिली होती. मला राहवेना.

“मामा, हे काय हो?”

“गाडी.”

“आपल्या पुस्तकात तर बार्शीपत्तोरच हाय.”

“पुस्तकात न्हाय.”

“पर समोर तर हाय.”

“असंल,” मामा म्हणाले. “परीक्षेत काय समोरचं इचारत्यात व्हय रे? पुस्तकातलं इचारत्यात.”

शिक्षणखात्याविषयी इतकं खरं वाक्य मी पुढं कधी ऐकलं नाही, आणि मी त्या खात्यात जन्म काढला.

लेखी परीक्षा झाली. दादा टोपी घालून बसला, फक्कड लिहून आला. तोंडी दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही धर्मशाळेत होतो. मी टोपीची धूळ झटकत होतो, गोंडा सारखा करत होतो, तेवढ्यात मामा आले. हातात जरीचा फेटा. त्यांच्या स्वतःच्या लग्नातला.

“ये, जावईबापू. बस.”

“मामा, टोपी हाय की,” दादा म्हणाला.

“हाकिमापुढं टोपी? माझा जावई काय चपराशी हाय?”

मी म्हणालो, “मामा, शाळेचा कायदा टोपीचा हाय.” मी खोटं बोललो. चांगल्या कामासाठी बोललो.

“कायदा मला शिकवतोस? तहसिलीत केस पांढरे केले म्या!”

आणि त्यांनी फेटा बांधला. बांधला कसला, बसवला. सोळा हात कापड, प्रत्येक वेढ्याला गुडघा लावून आवळलेलं. शेवटचा वेढा झाला तेव्हा दादाच्या भुवया कपाळावर गेल्या होत्या. तो फेटा उतरवायला पुढं दोन माणसं लागली. मी टोपी गुपचूप सदऱ्यात घातली. बेत असा की मामा बाहेर राहतील, दारातच फेटा काढू आणि टोपी चढवू. नुसता फेटा काढून भागणार नव्हतं. हाकिमापुढं उघडं डोकं म्हणजे बेअदबी, आणि शिवाय उघड्या डोक्यात काय गोंधळ चालायचा ते आम्हाला ठाऊक होतं.

पण मामा बाहेर राहिले ते नेमके खोलीच्या खिडकीत. गजांना दोन्ही हातांनी धरून. दार समोरच.

माझा नंबर आधी झाला. मी कसा बोललो ते सांगत नाही, फुशारकी वाटेल. एवढंच सांगतो की परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मग दादाला आत बोलावलं. मी दारात थांबलो.

परीक्षक सडसडीत, शेरवानीतले, थोडे सर्दी झालेले. एवढा मोठा गडी आणि त्यावर तो फेटा पाहून ते उठून उभेच राहिले. त्यांना वाटलं कुणी जहागीरदार आलाय. मग बसले.

“आपके जिले का नाम?”

फेट्यानं काम चोख केलं. “नळदुर्ग!”

“व्वा!” खिडकीतनं आवाज आला.

परीक्षकांनी रुमालानं नाक पुसलं. “और अभी आप बैठे कहाँ हैं?”

“धाराशिवात, सायब.”

“रेल कहाँ तक है?”

“बार्शीपत्तोर.”

“मैं परसों येडशी पे रेल से उतरा हूँ!”

दादानं खिडकीकडं बघितलं. खिडकी बोलली, “उतरला असाल, सायब! पर ती पुस्तकात न्हाय!”

मी दारातनं टोपी वर काढली आणि गोंडा हलवला. दादाची नजर टोपीवर गेली. परीक्षक विचारत होते, “जर्मनी पे हुकूमत किसकी थी, और उसका क्या हुआ?” दादाचे डोळे गोंड्याबरोबर हलू लागले. ओठ हलले. “कैसर... त्यो पळाला...” मी मनात म्हटलं, जिंकलं! तेवढ्यात त्याचा हात सवयीनं डोक्याकडं गेला. बोटाला फेट्याची जर लागली.

“...आन परत आला,” दादा म्हणाला.

परीक्षक दचकले. लढाईचे दिवस. सरकारी माणसाला रोज कसल्या कसल्या खबरा यायच्या. त्यांनी दौतीत टाक बुडवला. “कब आया?”

“शाब्बास, जावईबापू!” मामा गजांमधनं निम्मे आत आले होते.

लेखीचा निकाल महिन्यानं लागायचा. तोंडीचा तिथंच लागला. परीक्षकांनी हळहळत सांगितलं की पोराचा पाठ पक्का आहे, अडखळत नाही, आवाज उत्तम, पण एकही उत्तर बरोबर नाही. मामा तडक आत गेले. अलवाणातलं पुस्तक मेजावर आपटलं.

“एक अक्षर चुकला का? दाखवा!”

परीक्षकांनी पुस्तक उलटून पाहिलं. मग आपल्या पेटीतलं नवं काढून शेजारी ठेवलं आणि पान उघडलं. मामा वाकले. उर्दू त्यांना स्वच्छ वाचता यायचं. ते वाचत राहिले. एकदा नव्यातलं पान, एकदा जुन्यातलं. शेवटी नवं पुस्तक त्यांनी हातात घेऊन तोललं.

“पातळ हाय,” म्हणाले आणि बाहेर आले.

परतताना घुंगरं तेवढी बोलत होती. दादा गाडीत मागं बसून उतरवलेल्या फेट्याची घडी घालत होता आणि घडी काही होत नव्हती. सोळा हात कापड, आणि डोळ्यांना दिसत नव्हतं त्याला. त्याची ह्या वर्षीचीही बायको गेली होती. येडशी मागं पडल्यावर मामा मला म्हणाले, “तुझं पुस्तक काढ रं. जर्मनीचं पान वाच.”

मी वाचलं.

“कैसर कुठं गेला म्हंतोस?”

“हाकलला, मामा. परमुलखात गेला.”

“कवा?”

“लई वर्सं झाली.”

“आन तुर्काचा सुलतान?”

“त्योबी.”

बैल आपले आपण चालले होते. “मला कुनी बोललं न्हाय,” मामा म्हणाले. थोड्या वेळानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, माझ्याकडं वाकले आणि ज्या माणसाचा आवाज येरमाळ्याला जायचा तो माणूस कुजबुजला, “आन... आपले?”

“आपले निजामसरकार हायेत, मामा. दोन्ही पुस्तकांत हायेत. जुन्यात बाप, नव्यात ल्योक.”

“हां,” मामा म्हणाले आणि सावरून बसले. त्या पुस्तकाची त्यापुढची आवृत्ती निघायला फार वर्षं लागणार नव्हती, पण ते आम्हा तिघांतल्या कुणालाच, आणि बहुधा छापणाऱ्यालाही, माहीत नव्हतं.

पुढच्या दोन बाजारांना मामा आले नाहीत. चुलतीनं दोन्ही वेळा स्वयंपाक केला आणि गड्यांना वाढला. दादा पटका बांधून ओसरीवर बसायचा, कुणी विचारायला नसलं तरी. मी एकदा चेष्टेनं “रेल्वे?” म्हटलं तर म्हणाला, “मला न्हाय ठावं. कुठं का जाईना.”

तिसऱ्या बाजारी दुपारी मामांची गाडी दारात आली. मागं कापडाचं छत घातलेलं. मामा खाली उतरले आणि ओसरीवर चढून त्यांनी असा आवाज काढला की परत आलेल्या चिमण्या पुन्हा उडाल्या.

“भाकर-तुकडा आन! लेकीवरनं ओवाळून टाक!”

चुलती धावत बाहेर आली. छतातनं हिरव्या लुगड्याची नववधू उतरत होती. चुलतीचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. “आण्णा... पर तुमी तर म्हणला व्हता, मिडल...”

“झाला की पास!”

“नापास झाला न्हवं?”

“कोण म्हंतो? म्या सोता खिडकीत हुभा होतो. सगळं ऐकलं. एक अक्षर चुकला न्हाय. म्या ज्या पुस्तकावर पास झालो त्याच पुस्तकावर माझा जावई पास झाला. नापास झालंय ते सरकार!” मग जरा आवाज उतरवून, लेकीचं गाठोडं उचलता उचलता बहिणीला म्हणाले, “आन त्यांचं काय गं, ते रोज नवं छापतेत. त्यांच्या नादी लागलो तर पोरगी म्हातारी हुईल.”

महिन्यानं लेखीचा निकाल लागला. दादा सगळ्या विषयांत पास, लेखी जुगराफियासकट. राहिली ती फक्त तोंडी. मौलवीसाहेबांना एवढा आनंद झाला की निकाल घेऊन ते पायी आमच्या गावी आले, आणि काखेत कोरं करकरीत नवं पुस्तक, स्वतःच्या पैशानं घेतलेलं. दादा गोठ्यात होता, वहिनी दूध काढत होती. मौलवीसाहेब लांबूनच हाका मारत आले.

“मियाँ, बस एक तोंडी बाकी है! हे घ्या किताब. पुढच्या वर्षी येऊन फक्त अर्धा घंटा बोला, और तुम मिडल पास!”

दादानं पुस्तक हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि अदबीनं परत दिलं.

“आता कशाला, साहेब? ती आली की.”